जीपचा सातबारा
जुनी वाहने, जुनी दफ्तरे : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात आपण अमेरिकन मोटारी सुट्या भागांच्या पेट्यांतून बोटीने मुंबईस येऊन शिवडीला जनरल मोटर्सच्या आणि पुढे कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात कशा जोडल्या जात, ते पाहिले. आज जिचा विचार करावयाचा ती गाडी त्यांच्याइतकी ऐटबाज नाही. तिला धड दारे नाहीत आणि छप्पर म्हणाल तर कापडाचे. परंतु विदर्भातल्या आडवाटांना आणि जंगलातल्या कच्च्या रस्त्यांना जेवढी ती परिचित, तेवढी दुसरी कोणती अमेरिकन गाडी क्वचितच असेल. ती म्हणजे जीप. आणि आजचा प्रश्न असा की, कोणी ऐंशी वर्षांची जीप विकावयास काढली, तर विकणारा सांगतो तीच ती गाडी आहे, याची खातरजमा कशी करावी?

प्रश्न सुचला तो एका क्षुल्लक प्रसंगाने. जवाहरनगरहून महामार्गाने नागपूरकडे जाताना पंक्चरपायी एका गॅरेजपाशी थांबावे लागले, तेव्हा तेथे ताडपत्रीखाली गडद हिरव्या रंगाने माखलेली, बॉनेटवर पांढरा तारा रेखलेली एक जीप उभी होती आणि तिच्या काचेला ‘विकणे आहे’ अशी पाटी होती. “बेचाळीसची आहे नं साहेब, लढाईतली. एकदम ओरिजनल,” गॅरेजवाला म्हणाला. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि दिव्यांच्या मधल्या उभ्या फटी बोटाने मोजल्या. सात भरल्या. अगदी आरंभीच्या गाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली असे, ती सोडली तर लढाईतल्या जीपला या फटी नऊ असतात. सात फटी आल्या त्या युद्ध संपल्यावर निघालेल्या मुलकी जीपला. “कागद?” मी विचारले. “आहेत नं, घरी आहेत,” असे उत्तर आले. ते कागद पाहण्याचा योग काही आला नाही.

हा घोटाळा का संभवतो, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी कारखानदारांपुढे ठेवली आणि पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत हजर करण्याची अट घातली. पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट याने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना मुदतीत रुजू झाला. परंतु मोठ्या संख्येने गाड्या पुरविण्याचे काम पुढे टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडकडे आणि फोर्डकडे गेले. विलीजची ती ‘एमबी’ आणि फोर्डची ती ‘जीपीडब्ल्यू’. पहिलीच्या सुमारे ३ लाख ६० हजार, तर दुसरीच्या सुमारे २ लाख ८० हजार गाड्या युद्धकाळात बाहेर पडल्या. दोन्हींना २,१९९ सीसीचे, ६० अश्वशक्तीचे तेच इंजिन, आणि पुढच्या-मागच्या चाकांत तेच ८० इंचांचे अंतर. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात उरलेल्या गाड्या ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून विक्रीस निघाल्या. त्याच सुमारास, १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने विलीजच्या जीप सुट्या भागांत आणून मुंबईत जोडण्यास आरंभ केला. ‘सीजे-३बी’ या उंच बॉनेटच्या जीपचे उत्पादन तर या कंपनीने पुढे कित्येक दशके चालू ठेवले. एकाच कुळातल्या या गाड्यांचे पुष्कळसे भाग एकमेकींना थोड्याफार खटपटीने बसतात. तेव्हा साठ-सत्तर सालच्या जीपला हिरवा रंग व पांढरा तारा देऊन तिला युद्धात धाडणे हे कुशल मिस्त्रीला अवघड नाही.

येथे शेतजमिनीचा व्यवहार आठवावा. आपल्याकडे जमीन घेणारा माणूस प्रथम सातबारा मागतो. त्यातला नमुना सात सांगतो की जमीन कोणाची आणि कोणत्या हक्काने; नमुना बारा सांगतो की तिच्यावर प्रत्यक्ष काय उभे आहे; आणि मधल्या काळात मालकी कशी पालटत गेली, याचा हिशेब फेरफाराच्या नोंदींत असतो. जुन्या मोटारीलाही हे तिन्ही असतात, आणि तिन्ही एकमेकांशी ताडून पाहणाराच फसत नाही.

मोटारीचा नमुना सात म्हणजे नोंदणीपुस्तक. डिस्पोजलमधून घेतलेल्या जीपची मुलकी नोंदणी युद्धानंतर झालेली असणार, म्हणून बांधणीचे वर्ष आणि नोंदणीचे वर्ष यांत अंतर दिसले तर त्यात वावगे काही नाही. उलट दोन्ही वर्षे १९४२ अशी मांडलेली आढळली, तर चार प्रश्न अधिक विचारावेत. आपल्या भागातल्या जुन्या गाडीच्या दफ्तरात आणखी एक मौज असते. १९४८ साली भंडाऱ्यात आलेली गाडी मध्यप्रांत-वऱ्हाडात आली, १९५० मध्ये मध्यप्रदेशची झाली, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याची आणि १९६० मध्ये महाराष्ट्राची. जागची तसूभर न हलता तिने एवढी राज्ये पालटली, आणि तिच्या कराच्या पावत्यांवरची शीर्षके व शिक्के त्याबरोबर पालटत गेले. हा क्रम ज्या दफ्तरात बिनचूक दिसतो, ते बनावट असणे कठीण. विक्रीच्या वेळी मालकी बदलाची खबर नमुना २९ मध्ये आणि हस्तांतराचा अर्ज नमुना ३० मध्ये करावा लागतो. गाडी परराज्यात न्यावयाची तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. शिवाय २०२१ पासून, पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र क्रमांकमाला केंद्र सरकारने ठरवून दिली आहे. तिचे नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. आणि अशी गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास लावता येत नाही.

नमुना बारा मात्र कागदावर नसतो, तो लोखंडावर असतो. विलीजचा चासी क्रमांक पुढच्या बंपरमागे, डाव्या तुळईच्या आतल्या अंगाला रिबिट मारलेल्या छोट्या पट्टीवर असतो; फोर्डचा त्याच तुळईच्या माथ्यावर थेट ठोकलेला. विलीजची क्रमांकमाला १००००१ पासून सुरू होते आणि सुमारे ४ लाख ६० हजारांपाशी संपते. दोन लाख साठ हजारांच्या घरातला क्रमांक १९४३ चा, हे जाणत्याला पाठ असते. दोन्ही कंपन्यांच्या चासीतला पुढचा आडवा दांडा पाहिला तरी भेद कळतो: विलीजचा नळीसारखा गोल, फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा. फोर्डने तर आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, ‘एफ’ अक्षर उमटविले होते. वंगण पुसून नखाएवढ्या बोल्टवर ते अक्षर दिसते, तेव्हा ऐंशी वर्षांपूर्वीच्या कारखान्याने आपली सही दाखविल्यासारखे वाटते. डॅशबोर्डवरच्या पट्ट्यांपैकी एकीवर क्रमांक, वजने आणि सैन्याच्या हवाली केल्याची तारीख असते. पण अशा पट्ट्या हल्ली नव्या कोऱ्याही विकत मिळतात, म्हणून त्यांची साक्ष एकटी धरू नये. आणि एक चमत्कारिक गोष्ट अशी की, फोर्डचे इंजिन व चासी एकाच क्रमांकाचे निघत, विलीजचे तसे निघत नसत. तेव्हा विलीज दाखवून “दोन्ही नंबर सेम आहेत” असे कोणी अभिमानाने सांगितले, तर तो अभिमानच तपासून पाहावा.

राहिला फेरफार, आणि माझ्या मते मोटारीच्या दफ्तराची खरी परीक्षा येथेच होते. जवाहरनगरच्या आमच्या या आयुध निर्माणी वसाहतीत पुष्कळांची हयात चिठ्ठ्या, नोंदवह्या आणि शेरे यांच्या सहवासात गेलेली आहे. माल कोणत्या खेपेचा, कोणी तपासला, कोणाच्या ताब्यातून आला, हे लिहिल्याखेरीज तो पुढे सरकत नाही, याचे येथे कोणाला नवल वाटत नाही. अशाच शिस्तीतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध परिचितांनी आपल्या वडिलांची जीप विकावयास काढली, तेव्हा त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा उघडला. त्यात नोंदणीपुस्तक होते, विम्याचे कागद होते, सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची बसविल्याचे बिल होते, आणि एक चतकोर चिठ्ठी होती. तिच्यावर वडिलांच्या हातचे लिहिलेले: इंजिनाचा ब्लॉक तडकला, दुसरा आणून बसविला, जुना क्रमांक अमुक, नवा अमुक. एका दलालाने त्यांना सल्ला दिला होता की, ही चिठ्ठी फाडून टाका, दर वाढेल. त्यांनी ती फाडली नव्हती.

मला वाटते, त्या डब्यातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज तोच. कारण ज्या घराण्याने आपल्या गाडीचे वैगुण्य स्वतःच्या हाताने लिहून ठेवले, त्याच्या बाकीच्या नोंदींवर घेणाऱ्याने विसंबावे. आणि ज्या दफ्तरात ऐंशी वर्षांत काहीच मोडले नाही, काहीच बदलले नाही असे दिसते, त्याच्यावर मुळीच विसंबू नये. जीप ही युद्धाची गाडी. तिची इंजिने रणभूमीमागच्या दुरुस्तीतळांवरही बदलली जात. मोडतोड हा तिच्या चरित्राचा अंश आहे, कलंक नाही. कलंक लागतो तो लपवाछपवीने.

डबा मिटताना मला तळाशी दोन कोरे ताव दिसले. “हे कशाला ठेवले?” मी विचारले. ते म्हणाले, “पुढच्या मालकाला लागतील नं.”

(पुढील लेखांकात : जुन्या गाडीचे काय दुरुस्त करावे आणि काय तसेच राहू द्यावे.)