आधी पडायला शिका

अबुधाबीचे वाळवंट आणि बर्फावरचा खेळ यांचा काय संबंध, असे कोणीही विचारील. पण तिथल्याच झायेद स्पोर्ट्स सिटीतील बर्फाच्या रिंकवर जाहरा लारी ही मुलगी घडली. अकरा-बारा वर्षांची असताना ‘आइस प्रिन्सेस’ हा चित्रपट पाहून तिने फिगर स्केटिंगचा ध्यास घेतला. या खेळात नाव कमावणाऱ्या बहुतेक मुली त्या वयापर्यंत बरीच वर्षे बर्फावर काढून चुकलेल्या असतात. जाहराने पहाटे शाळेपूर्वी सराव करून ही उणीव भरून काढली.

२०१२ साली इटलीतील कानाझेई येथे युरोपियन कप स्पर्धेत ती हिजाब घालून उतरली. परीक्षकांनी पोशाखाच्या नियमावर बोट ठेवून तिचे गुण कापले. तिने हिजाबही सोडला नाही आणि खेळही सोडला नाही. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेपुढे तिची बाजू मांडली गेली आणि पुढे हिजाबसाठी गुण कापणे बंद झाले. आज बर्फावर हिजाब घालून उतरणाऱ्या मुलीला हे भांडण नव्याने भांडावे लागत नाही.

आपल्याकडे बर्फाचे रिंक मोजकेच असले तरी चाकांचे स्केट घालून फिरणारी मुले-मुली गावोगावी आहेत. चाकांवरच्या कलात्मक स्केटिंगमध्येही उड्यांची नावे तीच, गिरक्या तशाच आणि गुडघे फुटणेही तेच. म्हणून या खेळाडूंच्या सरावातून आपल्या मुलांना काय घेता येईल, ते पाहू या.

पाया कडेचा

बर्फावरच्या स्केटचे पाते सपाट नसते. मध्ये पन्हळ आणि दोन्ही बाजूंना दोन धारा, आतली आणि बाहेरची. सगळा खेळ या धारांवर चालतो. फ्लिप नावाची उडी मागे सरकताना आतल्या धारेवरून घेतात, लट्झ बाहेरच्या धारेवरून. धार चुकली की उडी पूर्ण होऊनही गुण जातात. म्हणून रोजच्या सरावाची पहिली काही मिनिटे फक्त वळणे आणि धारा यांनाच द्यावीत. मुलांना हे कंटाळवाणे वाटते. पण बाराखडी पक्की नसताना निबंध लिहिता येतो का, हे आम्हा शिक्षकांना कोणी विचारायला नको.

उडी आधी जमिनीवर

प्रमुख उड्या सहा आहेत. त्यांपैकी एकट्या ॲक्सेलमध्ये समोर तोंड करून झेप घ्यायची असते, त्यामुळे अर्धी फेरी जास्त पडते. तिहेरी ॲक्सेल म्हणजे साडेतीन फेऱ्या, आणि हवेत मिळणारा वेळ एका सेकंदापेक्षाही कमी. हात छातीशी घट्ट घेतले की शरीर वेगाने फिरते, हात पसरले की वेग उतरतो. ही सवय बूट घालण्यापूर्वी जमिनीवरच लावता येते. दोरीवरच्या उड्या, जागच्या जागी अर्धी फेरी, मग पूर्ण फेरी, आणि एका पायावर स्थिर उतरणे. घराच्या अंगणात दहा मिनिटे पुरतात.

पडण्याचा सराव

पडल्याशिवाय कोणी शिकलेले नाही. तेव्हा नीट पडायला शिकावे. तोल गेला की गुडघे वाकवून कुशीवर, मांडीच्या मांसल भागावर पडावे. हात टेकून अंग सावरू नये, मनगट मोडते. पडल्यावर बोटे मुठीत घ्यावीत, म्हणजे दुसऱ्याच्या पात्याखाली येत नाहीत. मग एक गुडघा टेकून लगेच उठावे. स्पर्धेत पडल्याबद्दल सहसा एक गुण वेगळा कापला जातो, पण पडल्यानंतर गोंधळून संगीत हातचे घालवले तर नुकसान कितीतरी मोठे होते. म्हणून सरावातही पडले तरी संगीत थांबवू नये, कार्यक्रम शेवटपर्यंत न्यावा.

अमेरिकेचा नेथन चेन २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये पहिल्या फेरीत कोसळला आणि सतराव्या क्रमांकावर गेला. पदकाची आशा संपली होती. पण दुसऱ्या फेरीत तो सहा चौपट उड्या घेण्यासाठी उतरला, त्या फेरीत सर्वांच्या पुढे राहिला आणि एकूण पाचवा आला. चार वर्षांनी बीजिंगमध्ये त्याने सुवर्ण जिंकले.

दुखापत आणि सब्र

जपानचा युझुरू हान्यू लहानपणापासून दम्याचा रुग्ण. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरावात त्याचा उजवा घोटा दुखावला आणि ऑलिम्पिक तीनच महिन्यांवर होते. तो आधी काही काळ बर्फापासून दूर राहिला, मग बर्फावर परतला, आणि फेब्रुवारीत सलग दुसरे ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन गेला. सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. दुखऱ्या पायावर उड्या मारणे ही तर हिंमतही नव्हे.

अम्मी-अब्बूंसाठी

बूट ‘पुढच्या वर्षीही चालावेत’ म्हणून मोठे घेऊ नका. सैल बुटात घोटा डुगडुगतो आणि दुखापत होते. मुलांना एक वही द्या. आज काय जमले, काय नाही, एवढ्या दोन ओळी रोज लिहू द्या. मोबाइलवर सराव टिपा, पण त्यावर पहिले बोलणे प्रशिक्षकाचे असू द्या. रिंकवरून घरी येताना ‘कितव्या आलीस?’ असे विचारण्याऐवजी ‘आज नवीन काय शिकलीस?’ असे विचारा.

आणि मुलगी मोठी झाली, आता पुरे, असे म्हणण्यापूर्वी जरा थांबा. जाहराचे अब्बूही आधी तिच्या स्पर्धेत उतरण्याबाबत कचरत होते. एकदा ती कठड्याबाहेर उभी राहून मैत्रिणींना प्रोत्साहन देताना त्यांनी पाहिले आणि त्यांचे मन बदलले. पोशाखाचा मार्ग निघतो, वेळेचाही निघतो. घरचा पाठिंबा मात्र बाहेर कुठे विकत मिळत नाही, तो आपणच द्यायचा असतो.