वारा फिरेपर्यंत

गौरी-गणपती आटोपले, अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरगाव चौपाटीवर गेलेली मंडळी घामाने आणि पावसाने सारखीच भिजून पहाटे परतली, मंडपाचे वासे सुटून रस्त्याच्या कडेला रचले गेले आणि पितृपक्षाची शांतता वस्तीवर पसरली, म्हणजे डिलाईल रोडवर घरोघरी एकच प्रश्न निघतो : पाऊस गेला की अजून आहे? प्रश्न साधा दिसतो. परंतु छत्री माळ्यावर टाकावी की दाराशी ठेवावी, गाद्या उन्हात घालाव्या की नाही, गावी भातकापणीला जाण्यासाठी रजेचा अर्ज कोणत्या तारखेचा द्यावा, नवरात्राच्या मंडपावर ताडपत्री घालावी की नुसते कापड पुरेल, असे कितीतरी व्यवहार त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

या रस्त्याला ना. म. जोशी यांचे नाव मिळून पुष्कळ वर्षे झाली, पण टॅक्सीवाल्याला सांगताना तोंडात डिलाईल रोडच येते. १९२० नंतरच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळींपैकी बत्तीस इमारती या रस्त्यावरच्या. मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्या. अशा खोलीत भाद्रपद कसा असतो हे ज्याने अनुभवले आहे त्याला आर्द्रतेची व्याख्या पुस्तकात शोधण्याचे कारण पडत नाही. दोरीवरचा सदरा तिसऱ्या दिवशीही काखेत ओला लागतो. बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. आगपेटीची काडी तीनदा ओढली तरी पेटत नाही. आणि कपाट उघडताच ठेवणीतल्या लुगड्यांचा तो कुबट वास येतो, जो नाकात शिरला की मला आजीची आठवण होते.

हवेतील ओलाव्याचे मोल या वस्तीला जितके ठाऊक होते तितके वेधशाळेबाहेर क्वचितच कोणाला ठाऊक असेल, कारण हिची भाकरीच त्यावर होती. कोरडा धागा ठिसूळ होतो आणि ओलसर धागा ताण सोसतो, हा कापसाचा गुणधर्म आहे. कापसाच्या व्यापारात तर शंभर भाग कोरड्या कापसाला साडेआठ भाग पाणी धरण्याची जुनी वहिवाट आहे. म्हणूनच गिरण्यांच्या साचेखात्यात, जेथे कापड विणले जाई तेथे, मुद्दाम हवा दमट ठेवावी लागे, आणि मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरी सुताचा धंदा रुजण्याला येथील हवेचाही हातभार लागला. आमच्या शेजारी एक वृद्ध साचेवाले राहत. पंचांग ते पाहत नसत. आश्विनात एखाद्या सकाळी पाळीवरून परतले, की डबा खाली ठेवता ठेवता म्हणत, "वारा फिरला. आज सूत फार तुटले." आणि चार-पाच दिवसांत पाऊस खरोखर नाहीसा होई. पुढे हवामानशास्त्राची पुस्तके वाचू लागलो तेव्हा कळले, की त्यांनी एका वाक्यात सांगितले तेच शास्त्र अधिक विस्ताराने सांगते.

हवा जितकी उष्ण तितकी तिची बाष्प धारण करण्याची शक्ती अधिक. तीस अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे तीस ग्रॅम बाष्प मावते, वीस अंशांच्या हवेत सतरा ग्रॅमच्या आसपास. मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष किती भरले आहे याचे शेकडा प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. सप्टेंबरात मुंबईत ते ऐंशी टक्क्यांच्या आगेमागे असते. शरीराला थंड ठेवणारा घाम वाळला तरच उपयोगी पडतो, आणि भरत आलेल्या हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. तापमापकावर तीस-एकतीस अंश दिसत असताना जीव कासावीस होतो तो यामुळे, आणि मागच्या महिन्यात तितक्याच उष्णतेत तो होत नव्हता तो वाऱ्यामुळे; आषाढ-श्रावणात नैर्ऋत्येचा वारा अखंड वाहून अंगावरचा ओलावा हलवीत असे, भाद्रपदात तोच वारा मंदावतो आणि ढगांच्या फटीतून ऊन मात्र तापू लागते.

तेव्हा पाऊस जाणे म्हणजे मुळात वारा बदलणे होय, हे ध्यानात घेतले पाहिजे. हवामान खात्याच्या दफ्तरी परतीची सुरुवात पश्चिम राजस्थानातून होते. १ सप्टेंबरनंतर तेथे सलग पाच दिवस पाऊस नसावा, दीड किलोमीटर उंचीच्या आसपास वारे प्रतिचक्राकार फिरू लागावेत आणि हवेतील बाष्प उतरावे, अशा अटी पुऱ्या झाल्यावाचून मोसमी पावसाची रवानगी जाहीर करीत नाहीत. राजस्थानातून निघण्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर; मुंबईसाठी ती पूर्वी २९ सप्टेंबर धरीत, २०२० पासून अलीकडच्या नोंदी विचारात घेऊन ८ ऑक्टोबर धरली जाते. प्रत्यक्षात मात्र ती पुष्कळ पुढेमागे होते : २०२० साली मुंबईतून पाऊस गेला तो २८ ऑक्टोबरला, २०२२ साली लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, २३ ऑक्टोबरला, आणि २०२३ साली ६ ऑक्टोबरलाच. ज्यांनी २०२२ साली आकाशकंदील बाहेर टांगण्याची घाई केली त्यांना हे वेगळे सांगणे नको.

या संधिकाळातला पाऊस आषाढातल्या पावसाहून जातीनेच निराळा असतो, आणि ही गोष्ट लोकांना पुरेशी सांगितली जात नाही असे मला वाटते. आषाढातला पाऊस समुद्रावरून येतो, वेळ पाहत नाही, दिवसच्या दिवस एका लयीत पडतो, आणि त्यात गडगडाट फारसा नसतो. आश्विनाच्या तोंडावरचा पाऊस पूर्वेकडून येतो. सकाळी लख्ख ऊन पडते, ओली जमीन तापते, दुपारपर्यंत सह्याद्रीच्या अंगाला कापसाच्या राशींसारखे ढग उभे राहतात, वरच्या थरांत पूर्वेचे वारे सुरू झालेले असतात ते या ढगांना किनाऱ्याकडे ढकलतात, आणि खालून समुद्रावरचा दमट वारा त्यांना सामोरा जातो. मग चार वाजल्यानंतर करी रोडच्या बाजूचे आभाळ काळेनिळे होते, धुळीचा एक लोट बोळातून धावतो, वीज कडाडते आणि अर्धा-पाऊण तास असा मारा होतो, की लोअर परळ स्टेशनच्या जिन्यावर कचेरीतून सुटलेल्या माणसांना पाऊल टाकायला जागा उरत नाही. सातला तारे दिसतात. गावाकडे हाच हत्तीचा पाऊस. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो २७ सप्टेंबरच्या सुमारास, आणि पाटावर हत्ती काढून मुली भोंडल्याचा फेर धरतात तोही याच दिवसांत.

असा पाऊस एका वस्तीत कोसळतो आणि दुसऱ्या वस्तीत थेंब पडत नाही, म्हणून बातमीपत्रातले शब्द नीट वाचावे लागतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत; हे शब्द मोजून वापरलेले असतात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला तर तो 'जोरदार', ११५.६ च्या पुढे 'अति जोरदार', २०४.५ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'; आणि हे चोवीस तास सकाळी साडेआठपासून दुसऱ्या सकाळी साडेआठपर्यंतचे. इशाऱ्यांपैकी पिवळा रंग लक्ष ठेवा म्हणतो, नारिंगी तयार राहा म्हणतो, लाल म्हणतो आता हालचाल करा.

मुंबईचा पाऊस म्हणून जे आकडे छापले जातात ते मुख्यतः दोन ठिकाणचे : कुलाबा आणि सांताक्रुझ. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. गणिती केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी तेथे काम केले. ही दोन स्थळे एकमेकांपासून चोवीस-पंचवीस किलोमीटरांवर आणि डिलाईल रोड दोहोंच्या जवळजवळ मधोमध आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पाऊणशेही भरला नाही. मधल्या वस्तीने कोणता आकडा आपला मानावा? अशा वेळी कुलाबा व वेरावली येथील रडारची चित्रे आणि दर काही तासांनी निघणारे तात्कालिक अंदाज अधिक भरवशाचे ठरतात, आणि गडगडाटी सरींच्या दिवसांत सकाळच्या अंदाजावर विसंबून संध्याकाळ ठरवू नये.

सप्टेंबर संपत आला म्हणजे मोठा पाऊस संपला असे मानण्याची चूकही करू नये. बंगालच्या उपसागरात निर्माण झालेले कमी दाबाचे क्षेत्र मध्य भारत ओलांडून इकडे सरकले, की मंदावलेला पश्चिमेचा वारा पुन्हा जोर धरतो. सांताक्रुझला २० सप्टेंबर २०१७ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ३०३.७, आणि २३ सप्टेंबर २०२० च्या सकाळी २८६.४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्यात आमचा भाग सखल; बेटांमधल्या ज्या खाजणांत पूर्वी भरतीचे पाणी शिरत असे, त्यांवर भर घालून हा गिरणगाव उभा राहिला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत भरती साधारणतः दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास असते, आणि विषुवदिनाजवळच्या या दिवसांत उधाण विशेष मोठे. गटारांची तोंडे समुद्राच्या पाण्याने अडली असताना वरून सर आली तर वरळीच्या लव्हग्रोव्हसारख्या उदंचन केंद्रांवर सारा भार पडतो. सर्वपित्रीच्या आणि कोजागरीच्या आसपास नारिंगी रंग दिसला तर भरतीची वेळ पाहूनच घराबाहेर पडावे.

आणखी एक गोष्ट, जी मला कळकळीने सांगावीशी वाटते. मधूनमधून सर आणि मधूनमधून ऊन हीच हवा डासांना सर्वांत मानवते. ताडपत्रीच्या खोलगटात, टाकून दिलेल्या टायरात, कुंडीखालच्या बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंड्यापासून पंखांपर्यंत आठ-दहा दिवसांत पोचतो. मंडपावर घातलेली ताडपत्री उत्सव संपल्यावर महिनाभर कोणाच्या तरी पत्र्यावर पडून राहते. ती आठवड्यातून एकदा झटकावी.

पूर्वी वाऱ्याची दिशा पाहायला गिरण्यांच्या चिमण्या होत्या. श्रावणभर त्यांचा धूर पूर्वेच्या अंगाला झुकलेला असे, आणि एखाद्या सकाळी तो वरळीकडे, समुद्राकडे वळलेला दिसला की मोठी माणसे एकमेकांना तो दाखवीत. आता अपोलो मिलच्या जागी मनोरे उभे आहेत आणि आमच्या चाळीही एकेक करून पुनर्विकासात चालल्या आहेत. तरी नवरात्राच्या मंडपावर पताका लागतात. परवा पहाटे पाहिल्या तर त्या लोंबत होत्या, धड इकडे नाही, धड तिकडे नाही. दोरीवरचा सदरा ओलाच होता, आणि छत्री मी दाराशीच राहू दिली.