गाजरगवत : फुलण्यापूर्वीच उपटा

बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत पांढऱ्या बारीक फुलांचे जे तण माजलेले दिसते ते गाजरगवत. काँग्रेस गवत, चटकचांदणी या नावांनीही ते आपल्या परिचयाचे आहे. मूळ अमेरिका खंडातील हे तण भारतात १९५५ साली प्रथम पुण्यात आढळल्याची नोंद आहे. आज ते देशभर पसरले आहे.

हे तण वर्षायू आहे. ओलावा मिळाला की वर्षातील कोणत्याही महिन्यात ते उगवते. पावसाळ्यात मात्र जोर जास्त असतो. जमीन हलकी असो वा भारी, त्याला चालते. रोपावस्थेत गाजरासारखी कातरलेली पाने जमिनीलगत पसरतात आणि आजूबाजूला दुसरे काही वाढू देत नाहीत. नंतर खोड उंच होऊन फांद्या फुटतात. उगवणीनंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांत फुले येतात. प्रत्येक बारीक फुलात ५ बिया असतात आणि एका जोमदार झाडापासून १० हजारांवर बी तयार होते. वारा, पाणी, जनावरे, शेणखत यांमधून हे हलके बी दूरवर जाते.

याच्या सततच्या संपर्काने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात. परागकणांमुळे काहींना दम्याचा त्रास होतो. जनावरांच्या खाण्यात आल्यास दूध कडवट होते.

यावर उपाय पुढीलप्रमाणे करावेत :

१) जमिनीत ओल असताना, फुले येण्यापूर्वी झाडे मुळासकट उपटावीत. नुसती कापल्यास बुडख्यातून पुन्हा फूट येते. हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत.

२) फुलावर न आलेली झाडे कंपोस्ट खड्ड्यात टाकावीत. बी धरलेले झाड उकिरड्यावर टाकू नये. ते बी खतातून पुन्हा शेतात येते.

३) पडीक जागी पावसाळ्यापूर्वी टाकळ्याचे बी फोकावे. टाकळा दाट वाढून गाजरगवतास दाबतो.

४) मेक्सिकन भुंगे व त्यांच्या अळ्या या तणाची पाने खातात. पावसाळ्यात ते आढळतील तेथे कीटकनाशक फवारू नये.

आपले शेत स्वच्छ केले, पण शेजारचा बांध फुलत राहिला तर श्रम वाया जातात. म्हणून पहिल्या पावसानंतर महिन्याभरात सर्व गावाने मिळून बांध, गावठाण व रस्त्यांच्या कडा साफ कराव्यात. हे काम दरवर्षी नेमाने झाले, तरच गाजरगवत आटोक्यात येईल.