रिपोर्ट फाईलला, समोसा ताटात : कोलेस्टेरॉल तपासणीनंतर काय?



माझे मोठे भाऊ सरकारी नोकरीत आहेत. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी वैद्यकीय तपासणीची योजना आहे. 40 ते 50 वयात दोन वर्षांतून एकदा आणि 51 पासून दरवर्षी तपासणी होते. पहिल्या वेळी भावाचं एलडीएल 162 आलं. छातीत दुखत नव्हतं, दम लागत नव्हता. त्यांनी बिल सादर केलं, रिपोर्ट फाईलला लावला. दोन वर्षांनी आकडा 186! वहिनींनी कागद माझ्यापुढे ठेवला, "भाऊजी, यात काय लिहिलंय ते नीट सांगा." त्यांना जे सांगितलं तेच इथे मांडतो.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?
हा मेणासारखा पदार्थ आहे. शरीराला तो लागतोच आणि बराचसा आपलं यकृतच तयार करतं. रक्तातून तो दोन प्रकारच्या गाड्यांतून फिरतो असं समजा. एलडीएल ही माल पोचवणारी गाडी. ती जास्त झाली की माल रक्तवाहिनीच्या भिंतीत साचतो. एचडीएल ही उरलेला माल यकृताकडे परत नेणारी गाडी. माल वर्षानुवर्षं साचतो, पण दुखत काहीच नाही. म्हणूनच तपासणी हवी.

रिपोर्ट कसा वाचावा?
भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 साली मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार कमी धोका असलेल्यांचं एलडीएल 100 च्या खाली असावं. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर मर्यादा आणखी कमी. पहिली तपासणी 18 व्या वर्षीच करावी असंही त्यात आहे. म्हणजे चाळिशीची वाट बघायची गरज नाही. औषध मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

ताटात काय बदलावं?
1. डालडा, पामतेलातलं फरसाण, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले समोसे कमी करा.
2. 'कोलेस्टेरॉल फ्री' लेबलला भुलू नका. कोणत्याच वनस्पती तेलात ते जवळपास नसतं, पण म्हणून तेल जास्त वापरायचं असं नाही. माणशी रोज चार-पाच छोटे चमचे पुरे. चौघांच्या घरात महिन्याला साधारण तीन लिटर. आपला डबा किती दिवसांत संपतो ते मोजा.
3. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मटकीची उसळ, पेरू. यातला तंतू कोलेस्टेरॉल बाहेर टाकायला मदत करतो. हे सगळं हिंगोलीच्या बाजारात मिळतंच.

शाळेपासून सुरुवात
गंमत बघा, शालेय पोषण आहारात मुलं मटकीची उसळ खातात आणि शिक्षण परिषदेत आपण कचोरी खातो! पुढच्या परिषदेला फुटाणे, शेंगदाणे, केळी ठेवून बघू. खर्चही कमीच येईल. केंद्र सरकारचा 'ईट राइट कॅम्पस' उपक्रम हेच सांगतो : नुसता उपदेश नको, कामाच्या ठिकाणी मिळणारं खाणंच बदला.

भाऊ आता डॉक्टरांचं औषध घेतात, घरचा डबा नेतात. पुढच्या तपासणीची तारीख वहिनींनी कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. तुमच्या घरातला रिपोर्ट कोणत्या फाईलला आहे? आजच काढून वाचा.