मे महिन्यातला प्रत्येक पाऊस अवकाळी नसतो

२६ मे २०२५ रोजी नैऋत्य मोसमी वारे मुंबईत पोचले. १९५०पासूनच्या नोंदींत ते इतक्या लवकर कधीच आले नव्हते. आधीचा विक्रम २९ मेचा, १९५६ सालचा. आणि नेहमीची तारीख ११ जून. तरी त्या आठवड्यात जो तो ‘काय हा अवकाळी’ म्हणत होता. मे महिना चालू आहे आणि पाऊस पडतोय, म्हणजे तो अवकाळी, एवढा सरळ हिशेब. पण मोसमी वाऱ्यांनी आणलेला पाऊस अवकाळी कसा? तो फार तर लवकर आलेला.

पावसाच्या शब्दांची गल्लत बहुतेक वेळा इथेच होते. हे शब्द पावसाचा जोर सांगतात असं आपण धरून चालतो, पण त्यातले बरेचसे शब्द मुळात काळाचे आहेत. खुद्द ‘पाऊस’ घ्या. त्याचा ‘पाणी’शी काही संबंध असावा असं वाटतं खरं, पण तो आलाय संस्कृत ‘प्रावृष्’वरून. प्राकृतात त्याचं ‘पाउस’ झालं, मराठीत ‘पाऊस’, कोंकणीत ‘पावस’. आणि प्रावृष् म्हणजे पडणारं पाणी नव्हे, तर पाणी पडायचा ऋतू. म्हणजे ऋतूचं नाव आपण पाण्याला देऊन टाकलं आणि मग ऋतूसाठी नवा शब्द लागला, तेव्हा त्याला पुन्हा ‘काळ’ जोडून ‘पावसाळा’ केला. उष्णकालाचा उन्हाळा आणि हिमकालाचा हिवाळा झाला, त्याच चालीवर. ‘वर्ष’ आणि ‘वर्षा’ हेही एकाच मुळाचे. वय सांगताना ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणणारा माणूस नकळत तोच जुना हिशेब करत असतो.

‘मान्सून’चंही तेच. हा इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थ पाऊस, या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. मूळ अरबी ‘मौसिम’, म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. अरबी समुद्रातून जहाजं हाकणाऱ्यांना पावसाशी देणंघेणं कमी, वारा कोणत्या महिन्यात कुठल्या दिशेनं वाहणार याच्याशी जास्त. त्यांचा शब्द पोर्तुगीजांनी उचलला, मग युरोपभर फिरून तो इंग्रजीतून आपल्याकडे आला. मात्र ‘मोसम’ या रूपात तो मराठीत आधीपासूनच होता. तेव्हा मान्सून म्हणजे ऋतूनुसार दिशा बदलणारे वारे. पाऊस ही त्यांची कामगिरी. वेधशाळा मान्सून आल्याचं जाहीर करते, त्या दिवशी तुमच्या गल्लीत थेंबही पडला नाही, तरी तिचं चुकलेलं नसतं.

आता अवकाळी आणि वळीव. हल्ली वर्तमानपत्रांनी वळवाला जवळपास निवृत्तच केलंय. मार्चपासून जे पडेल ते सगळं अवकाळी. हवामान विभागाच्या वर्षात मार्च ते मे हा ‘मान्सूनपूर्व’ असा वेगळा, रीतसर हंगाम आहे, आणि एप्रिल-मेमधला वळीव हा त्याचा हक्काचा पाऊस. दुपारपर्यंत जमीन भाजून निघते, तापलेली दमट हवा वर झेपावते आणि तीन-चारच्या सुमाराला काळाकुट्ट ढग उभा राहतो. आधी धुळीचा लोट, पत्रे उडवणारा वारा, मग विजा, कधी गारा आणि तासाभरात पुन्हा ऊन. वळीव गावाच्या अर्ध्या शिवारात पडतो, अर्धं कोरडं ठेवतो. बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं असं म्हणतात, ते त्याच्याच बाबतीत. नांगरून टाकलेल्या रानातली ढेकळं या पावसानं फुटतात आणि पुढची कुळवणी सोपी जाते, म्हणून शेतकरी त्याची वाट पाहतो. तोच पाऊस बेदाण्याच्या शेडवर किंवा उतरायला आलेल्या आंब्यावर आला तर नुकसान करतो, हेही खरं. पण नुकसान झालं म्हणून पाऊस अवकाळी ठरत नाही. उत्तरेकडच्या पश्चिमी झंझावाताच्या प्रभावानं जानेवारी-फेब्रुवारीत उभ्या गव्हा-हरभऱ्यावर जो कोसळतो, त्याला खुशाल अवकाळी म्हणावं.

‘परतीचा पाऊस’ या शब्दानं तर डोळ्यांपुढे चित्रच उभं राहतं: उत्तरेला गेलेले ढग उरलंसुरलं पाणी घेऊन आल्या वाटेनं माघारी निघालेत. तसं काही होत नाही. राजस्थानच्या पश्चिम टोकाकडून वारे बदलू लागतात, हवा कोरडी होते आणि कोरड्या हवेची ती सीमा हळूहळू दक्षिणेकडे सरकते. मोसमी वारे माघारी फिरायची सुरुवात सर्वसाधारणपणे १७ सप्टेंबरला होते आणि मुंबईतून ते जातात ८ ऑक्टोबरच्या आसपास. म्हणजे माघार पूर्ण झाली की पाऊस थांबायचा असतो. गडगडाटी सरी पडतात त्या या अदलाबदलीच्या दिवसांत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबानं मराठवाडा झोडपला, तर तो परतीचा नाही, अगदी ऐन मान्सूनचाच पाऊस आहे.

नक्षत्रांकडे मात्र जरा सावकाश जायला हवं, कारण तिथे दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. एकांना ती निव्वळ भाकडकथा वाटतात. पण पावसाचं नक्षत्र म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात आहे ते. वर्षाची सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाच्या वाट्याला तेरा-चौदा दिवस. घरात छापील तारखांचं कॅलेंडर नसताना पेरणी, लावणी, कोळपणीचं वेळापत्रक ठेवायची ही पक्की सौर पद्धत होती. चंद्राच्या तिथ्या मागेपुढे होतात, अधिक महिना येतो, पण मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा ‘म्हातारा’, ही नावंसुद्धा त्या त्या पंधरवड्याचीच. मृग ‘लागला’ म्हणून कोणी रात्री आभाळात शोधू जाईल तर तो दिसायचा नाही. सूर्यच तिथे असल्यामुळे त्याचं उगवणं-मावळणं दिवसाउजेडी होतं.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींना वाटतं, मृगामुळे पाऊस येतो. तर तसंही नाही. पृथ्वीचा आस अगदी संथपणे डोलतो, त्यामुळे नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या तुलनेत साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त पावसाची लक्षणं लिहिली, तेव्हा सूर्य मृगात शिरायचा तो आजच्या हिशेबानं मेच्या तिसऱ्या आठवड्यात. नक्षत्र पुढे सरकलं तरी पाऊस मात्र जमीन आणि समुद्र यांच्या तापण्याशीच बांधलेला राहिला. मृगाचा तो मखमली लाल किडासुद्धा पंचांग पाहत नाही. जमीन नीट भिजली की तो बाहेर येतो.

पंचांगातलं ‘वाहन’ हा आणखी निराळा प्रकार. यंदा मृगाचं वाहन कोल्हा आहे की बेडूक, यावर पारावर अजून चर्चा झडते. हे वाहन ठरतं भागाकारानं: सूर्याच्या नक्षत्रापासून, सूर्य त्यात शिरतो त्या दिवशीच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं आणि बाकीवरून घोडा, म्हैस, गाढव काय ते काढायचं. त्यात ना हवेचा दाब आहे ना समुद्राचं तापमान. शिवाय बाकी सगळ्या महाराष्ट्राला एकच येते, म्हणजे धो-धो पावसाच्या आंबोलीला आणि दुष्काळी आटपाडीला एकच बेडूक.

वाहनांच्या यादीत हत्ती आहेच, पण हस्त नक्षत्राच्या पावसाला ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात त्याची गोष्ट वेगळी. हस्त म्हणजे हात, आणि नक्षत्राची ओळख पंजासारख्या पाच ताऱ्यांची. ‘हस्तिन्’ म्हणजे हात असलेला, सोंडवाला. त्याचाच पुढे हत्ती झाला. म्हणजे नक्षत्र आणि प्राणी यांचं नातं सोंडेपुरतंच, पण लोकांनी ते मनापासून लावून धरलं. सप्टेंबरअखेर सूर्य हस्तात असतानाच्या दिवसांत पाटावर हत्ती काढून मुली भोंडल्याचा फेर धरतात, तोही याच नात्यातून. शब्दाच्या एवढ्याशा धाग्यातून इतका देखणा खेळ निघत असेल तर तक्रार कोण करणार?

उरले मापाचे शब्द, आणि इथे सैलपणा खरोखर महागात पडतो. ‘मुसळधार’ हा बोलीत मुसळाएवढ्या जाड धारेचा पाऊस, पण हवामान विभागाच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे लक्षात ठेवलं की आकड्यांचा अंदाज येतो. ‘ढगफुटी’ शब्दानं ढग ही पाण्याची पखाल असल्यासारखं वाटतं. ढगात पाणी साठून राहत नाही. वर जाणारी हवा थेंबांना तोलून धरते आणि तिचा जोर ओसरला की ते एकदम खाली येतात. ढगफुटी ठरते तासाच्या मापावर: वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिलिमीटरच्या वर. दिवसाच्या बेरजेवरून ती सांगता येत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. ज्या पर्जन्यमापकाची नोंद फक्त सकाळी साडेआठला होते, त्याच्या आकड्यावरून ‘अमुक तालुक्यात ढगफुटी’ असा मथळा देणं धाडसाचं आहे.

‘अतिवृष्टी’लाही माप आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती धरली जाते. ‘ओल्या दुष्काळा’ला मात्र असं माप नाही. शब्द म्हणून तो विसंगत आहे असं काही जण म्हणतात, ते बरोबर नाही: दुष्काळ म्हणजे वाईट काळ, मग तो कोरडा असो की ओला, नुसत्या पाऊस न पडण्याला ‘अवर्षण’ हा वेगळा शब्द आहेच. पण केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेत ज्याची व्याख्या आहे तो दुष्काळ कोरडाच. त्यामुळे ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी दरवर्षी सभागृहात गाजली, तरी शेतकऱ्याला मदत मिळते ती अतिवृष्टी आणि पुराच्या निकषांवर, पंचनाम्यात पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त निघालं तर.