शिंपल्याचे माप आणि मांसाचे वजन

आम्ही मुखेडचे कापड व्यापारी. आमच्या भागातले बहुतेक मुसलमान हनफी असल्याने शिंपले आपल्या दस्तरखानावर येत नाहीत. कोकणातील शाफई बांधव मात्र तिसऱ्या, म्हणजे दोन झाकणांचे शिंपले, आवडीने खातात. त्यांच्या खरेदी-विक्रीतला नाप-तोलाचा मुद्दा प्रत्येक दुकानदाराने समजून घ्यावा असा आहे.

कापड दुप्पट लांब फाडले तर वजन दुप्पट होते, कारण पन्हा आणि जाडी तीच राहते. शिंपल्याचे तसे नाही. तो लांबीबरोबर उंचीत आणि फुगवट्यातही वाढतो. म्हणून लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे 8 पट होते. समजा, 2 सेंटिमीटरचा शिंपला 3 ग्रॅम भरला, तर 4 सेंटिमीटरचा 24 ग्रॅमच्या आसपास भरेल. जातीप्रमाणे व जागेप्रमाणे यात फरक पडतो. तो ठरविण्यासाठी अभ्यासक लहानमोठे पुष्कळ शिंपले मोजून, तोलून हिशेब मांडतात.

परंतु हे वजन कवचासकट झाले. ग्राहक पैसे देतो ते आतल्या मांसाचे. प्रजननानंतर मांस रोडावते, कवच मात्र लहान होत नाही. त्यामुळे एकाच मापाच्या शिंपल्यांत हंगामाप्रमाणे मांस कमी-जास्त निघते. बाजारात तिसऱ्यांचा वाटा लावतात. वाटा डोळ्यांत भरतो, पण आतले मांस दिसत नाही. घाऊक खरेदी करणाऱ्याने दहा-वीस नग उघडून मांस आणि कवच वेगवेगळे तोलून पाहावे, मगच भाव ठरवावा.

केरळच्या अष्टमुडी सरोवरात हाच हिशेब कामी आला. 1990 च्या दशकात तिथले उत्पादन घसरले, तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्याने नियम झाले. डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात बंदी, जाळ्याचे भोक किमान 30 मिलिमीटर, आणि निर्यातीच्या एक किलो मांसात 1400 पेक्षा जास्त नग नकोत. लहान शिंपले वाचले, माल टिकला. 2014 साली या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले. भारतात ते पहिलेच होते.

माप मारणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे. गजात चोरी करणे जसे हराम, तसेच पोकळ कवचांनी वाटा फुगवणेही. बरकत खऱ्या तोलातच आहे.