नाक गळतं कुणाच्या हुकमावरून?

जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि मानखुर्द-गोवंडीवर कित्येक दिवस धूर कोंडून राहिला. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरची धूळ आणि अवजड गाड्यांचा धूर तर इथे रोजचाच. अशा हवेत ना ताप, ना घसादुखी, तरीही नाक वाहतं. त्यामागे जंतूच असतात असं नाही. बऱ्याचदा मज्जातंतूंचा हुकूम असतो.

धुराचा कण नाकाच्या अस्तरावर बसला की पाचव्या मेंदूतंतूची टोकं चाळवतात. निरोप मेंदूच्या देठात जातो. तिथून सातव्या मेंदूतंतूमार्फत उलट आदेश निघतो. नाकामागच्या एका छोट्या गंडिकेत, म्हणजे मज्जापेशींच्या गाठीत, तो दुसऱ्या तंतूवर चढतो आणि अखेरीस ॲसिटिलकोलीन हे रसायन ग्रंथींवर सुटतं. ग्रंथी पाझरू लागतात. झणझणीत मिसळ खाताना नाकाला धार लागते, तीही याच वाटेने.

नाक चोंदणं मात्र वेगळं. तिथे अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. त्यांना आवळून धरतं नॉरॲड्रिनॅलिन, म्हणजे दुसऱ्या, अनुकंपी मज्जासंस्थेचं रसायन.

म्हणूनच औषधंही वेगळी. इप्राट्रोपियमचा नाकातला स्प्रे ॲसिटिलकोलीनला अडवतो; पाणी कमी होतं, पण चोंदलेलं नाक मोकळं होत नाही. झायलोमेटाझोलिनचे थेंब रक्तवाहिन्या आवळतात. नाक मिनिटांत सुटतं. पण हे थेंब आठवडाभराहून जास्त घातले, तर औषध उतरताच नाक आधीपेक्षा घट्ट चोंदतं आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. तीन ते पाच दिवसांत थांबावं ते यासाठी. ॲलर्जीत हिस्टामाइन तंतूंना डिवचतं, तिथे सेटिरिझिन कामी येतं. सर्दीच्या गोळ्यांतलं जुनं क्लोरफेनिरामिन ॲसिटिलकोलीनलाही रोखतं. त्याने नाक सुकतं, पण तोंडही कोरडं पडतं, झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. क्लोरफेनिरामिन आणि रक्तवाहिन्या आवळणारं फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं आहे.

तेव्हा मेडिकलमध्ये नुसतं ‘सर्दीचं द्या’ म्हणू नका. नाक वाहतंय की चोंदलंय, ते सांगा. आणि महिनोन्‌महिने वाहत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. धूर धुवून काढायला पाझरणारं नाक आपलं काम चोख करत असतं. औषधाने त्याला आराम मिळेल. हवा स्वच्छ करण्याची जबाबदारी मात्र नाकावर टाकता येणार नाही.